कथेतली प्रार्थना कापण्याआधी: संपादकांना खानदेशातून खुलं पत्र

प्रति,
मराठी दिवाळी अंकांचे आणि मराठी ख्रिस्ती नियतकालिकांचे संपादक

नमस्कार, आणि सलाम.

आम्ही जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतले काही लिहिणारे आणि इतरांची हस्तलिखितं छपाईआधी वाचून देणारे लोक आहोत. ख्रिस्ती घरात घडणारी, प्रेम आणि रहस्य दोन्ही असलेली कथा हा आमचा विषय. अशी कथा आपल्या दोन्ही टेबलांवरून परत येते आणि दोन्हीकडचे शेरे एकमेकांच्या उलट असतात. दिवाळी अंक म्हणतो, कथा पकडते, पण प्रार्थना तेवढ्या काढा. मंडळीचं, म्हणजे चर्चचं, मासिक म्हणतं, बोध चांगला आहे, पण तो खून आणि ते हात धरणं काढा आणि शेवटी बायबलमधलं एखादं वचन घाला. दोघांचं ऐकलं तर हाती पत्ता लिहिलेलं पाकीट उरतं, आत काही नाही.

आमचं म्हणणं एकच आहे. अशा कथेत श्रद्धेचं काम पात्राला वाचवण्याचं नसतं. सोप्या वाटा बंद करणं हे तिचं काम.

रहस्यकथेचा वाचक पानोपानी विचारत असतो: ही बाई सरळ पोलिसांत का जात नाही? त्याला खरं का सांगत नाही? गाव का सोडत नाही? लेखकाला या प्रत्येक वाटेवर काटे टाकावे लागतात. एरवी ते काटे बाहेरून येतात. रेंज नाही, तापीला पूर आहे, फौजदार विकला गेलाय. श्रद्धाळू माणसाच्या कथेत एक काटा आतून येतो. एक खोटं बोलली तर ती सुटेल, पण ते तिच्या तोंडातून निघत नाही. सूड घेतला तर धोका कायमचा संपेल, पण हात उचलत नाही. हा काटा इतका उपयोगी आहे की तो कापायला सांगणाऱ्या संपादकाचं आम्हाला खरोखर नवल वाटतं. रेंज नसण्याला वाचक कंटाळलाय.

यासाठी आम्ही एक साधी चाचणी वापरतो, आपणही वापरून पाहा. हस्तलिखितातली प्रत्येक प्रार्थना, प्रत्येक वचन, चर्चमधला प्रत्येक प्रसंग पेन्सिलीनं खोडा आणि कथा पुन्हा वाचा. घटनांचा क्रम कुठेच बिघडला नाही, तर खोडलेलं सगळं ठिगळ होतं. ते खुशाल कापा, लेखकाला वाईट वाटलं तरी कापा. पण खोडल्यावर चौदाव्या पानावर तिनं दार का उघडलं हेच कळेनासं झालं, तर तो घराचा खांब आहे, त्याला हात लावू नका. मंडळीच्या मासिकांनाही हीच चाचणी लागू आहे. तुम्ही शेवटी घालायला सांगता ते वचन या चाचणीत दर वेळी नापास होतं.

मराठी कादंबरीला हे परकं नाही. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती 'यमुनापर्यटन' बाबा पदमनजींनी १८५७ साली लिहिली, आणि ते ख्रिस्ती झालेले होते. तिच्यात विधवांचे हाल आहेत, उपदेशही भरपूर आहे. आमच्या मते हालांची पानं अजून अंगावर येतात आणि उपदेशाची पानं आपण उलटून टाकतो. पदमनजींना धडा घालून द्यायचा होता. आपल्याला वाचकाला रात्री जागवायचंय.

रहस्य कसं बांधायचं ते शिकायला मंडळीतल्या लेखकाला दूर जावं लागत नाही. बायबलमधल्या २ शमुवेलचा अकरावा अध्याय उघडावा. दावीद राजानं आपल्या सैनिकाच्या, उरीयाच्या, बायकोला बोलावून घेतलंय, तिला दिवस गेलेत, आणि हे झाकायला तो उरीयाला रणातून घरी बोलावतो. उरीया एक रात्र घरी झोपला असता तर जगला असता. पण देवाचा कोश (पवित्र पेटी) आणि सोबती तंबूत असताना मी घरी कसा झोपू, म्हणून तो राजवाड्याच्या दाराशी चाकरांमध्ये झोपतो. त्याची निष्ठाच त्याची सुटकेची वाट बंद करते. मग दावीद सेनापतीला पत्र लिहितो, याला लढाईच्या तोंडी उभं करा आणि मागे हटा, आणि ते पत्र उरीयाच्याच हाती देतो. आपल्या मृत्यूचा हुकूम स्वतः वाहून नेणारा, आणि तो उघडून न बघणारा माणूस. त्याच्या सचोटीतून घट्ट झालेली ही गाठ त्याला गुणाचा पुतळा म्हणून उभं करून कधीच पडली नसती.

एस्तेरच्या पुस्तकात दुसरा धडा आहे, लांबवण्याचा. आपल्या लोकांची कत्तल थांबवायला निघालेली एस्तेर राणी, अर्धं राज्य माग म्हणणाऱ्या राजाकडे काय मागते? जेवायला या. जेवण झाल्यावर पुन्हा काय मागते? उद्या पुन्हा या. या दोन जेवणांच्या मधल्या रात्री राजाला झोप लागत नाही, तो बखर वाचायला लावतो आणि पारडं फिरतं. हिब्रू मुळात या पुस्तकात देवाचं नाव एकदाही येत नाही. मंडळीच्या ज्या मासिकाला दर पानावर देवाचं नाव हवं आहे, त्यानं एस्तेरची कथा परत पाठवली असती का, हे एकदा मनाशी तपासावं. आणि कॅथलिक शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, दानीएलच्या तेराव्या अध्यायात सुसान्नाची गोष्ट आहे. प्रॉटेस्टंट प्रतींत ती नाही, म्हणून अनेकांना माहीत नसते. दोन वडीलधारे तिच्यावर व्यभिचाराचा खोटा आळ घेतात. दानीएल त्यांना वेगवेगळं उभं करून विचारतो, कोणत्या झाडाखाली पाहिलंत? दोघं दोन झाडं सांगतात. साक्षीदार अलग करून तपासायचा, हे तपासाचं मूळ सूत्र तिथे आहे.

सुटकेचा प्रसंग कसा लिहावा, तेही प्रेषितांच्या कृत्यांच्या बाराव्या अध्यायात सापडतं. देवदूत येशूचा शिष्य पेत्र याला तुरुंगातून बाहेर आणतो, साखळ्या गळतात, लोखंडी दार आपोआप उघडतं. इतका चमत्कार झाल्यावर पेत्र मंडळीच्या घरी येऊन दार ठोठावतो, आणि रुदा नावाची मुलगी त्याचा आवाज ओळखून आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळते. आत त्याच्याचसाठी प्रार्थना करणारे म्हणतात, तुला वेड लागलंय. फरार कैदी रस्त्यावर उभा, ठोठावतोच आहे. देवदूत त्याला रस्त्यापर्यंत आणून सोडतो, पुढचं दार माणसांनी उघडायचं असतं. हस्तलिखितांत नेमकं याच्या उलट घडतं. नायिका डोळे मिटते, दुसऱ्याच ओळीत पोलिसांची गाडी येते. आमचा नियम असा: योगायोगानं पात्र संकटात पडलेलं चालतं, योगायोगानं सुटलेलं चालत नाही, आणि प्रार्थनेनं योगायोगाला सवलत मिळत नाही. प्रार्थनेचं उत्तर यायचं तर काहीतरी हिसकावून घेऊन यावं.

प्रार्थनेच्या लांबीबद्दल. जिन्यावर पावलं वाजत असताना दीडशे शब्दांची प्रार्थना लिहिली, तर ती वाचायला जवळजवळ पाऊण मिनिट लागतं. तेवढ्यात मारेकरी दोन मजले चढून परत जाईल. धोक्याच्या प्रसंगात आठ-दहा शब्दांच्या वर जाऊ नये. आणि ते शब्द कोणत्या बोलीतले हे त्याहून महत्त्वाचं. व्यासपीठावरची मराठी जुन्या भाषांतराची असते: 'हे दयाळू स्वर्गीय पित्या, या संकटसमयी तुझ्या दासीस सामर्थ्य दे.' भ्यालेली बाई असं बोलत नाही. धरणगावकडची असेल तर तिच्या तोंडून निघेल, 'देवा, माले दार दिसू दे.' नवापूरकडच्या घरात मावची, उपासनेत मराठी, बाजारात गुजराती अशी तीन भाषांची सरमिसळ असते. कोणती भाषा कधी सुटते आणि कधी परत येते, यावरून लेखक भीती आणि जवळीक दोन्ही दाखवू शकतो. तो तिच्याशी पहिल्यांदा तिच्या घरच्या बोलीत बोलतो, तेवढा एक प्रसंग दहा चुंबनांना भारी पडेल. वचनांचंही तसंच. संपूर्ण वचन अध्याय-ओवीसकट छापू नका. माणसाला अडचणीत अर्धंच आठवतं. आणि एक वचन खलनायकाच्या तोंडी द्या, त्याला ते अचूक पाठ असू द्या.

आता सगळ्यात जास्त चुका जिथे होतात तिकडे येतो: पाळकाचं, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूचं, पात्र.

जाळीच्या खिडकीआड धर्मगुरू बसलाय आणि पलीकडून खुनी कबुली देतोय, हे दृश्य परदेशी सिनेमातून उचललेलं असतं. कॅथलिक चर्चमध्ये ते बसू शकतं. तिथे पापनिवेदनाची गुप्तता चर्चच्या कायद्यानं (कॅनन ९८३) अभंग आहे. शब्दानं, खुणेनं, कोणत्याही कारणासाठी फादर ती मोडू शकत नाही. थेट मोडली तर तो त्याच क्षणी बहिष्कृत ठरतो. पण खानदेशातल्या, विशेषतः धुळे-नंदुरबारकडच्या, कितीतरी मंडळ्या स्वीडिश आणि अमेरिकन मिशनांच्या कामातून उभ्या राहिलेल्या प्रॉटेस्टंट मंडळ्या आहेत. तिथे पापनिवेदनाची पेटीच नसते. माणूस संध्याकाळी पाळकसाहेबांच्या ओट्यावर येऊन बसतो, आतून चहा येतो, आणि तो बोलून टाकतो. आत कप विसळणाऱ्या पाळकीणबाईंनीही ऐकलेलं असतं. पेटीतल्या दृश्यात नसलेला एक साक्षीदार इथे फुकट मिळतो, आणि लेखक तो वाया घालवतात.

पुढची चूक कायद्याची. 'मी धर्मगुरू आहे, मला विचारू शकत नाही,' असं पाळक न्यायालयात म्हणतो आणि सरकारी वकील गप्प बसतो, हे भारतात होत नाही. वकील-अशिलातल्या बोलण्याला संरक्षण आहे (भारतीय साक्ष अधिनियम २०२३, कलम १३२), नवरा-बायकोतल्या बोलण्याला आहे (कलम १२८). धर्मगुरूला तसं कलम नाही, १८७२च्या जुन्या कायद्यातही नव्हतं. उलट पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध चालत नाही, पण पाळकापुढे दिलेली चालू शकते. फक्त न्यायालयं अशा कबुलीकडे सावधपणे पाहतात, तिला दुसरा दुजोरा शोधतात. त्यात भर म्हणजे खुनासारख्या गुन्ह्याची माहिती असणाऱ्यानं ती पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्याला द्यावी, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३३ सांगतं. म्हणजे ओट्यावर ऐकणारा पाळक कोंडीत सापडतो. ऐकलं ते सांगितलं तर मंडळीतलं कुणी पुन्हा त्या ओट्यावर येणार नाही. न सांगितलं तर कायदा मोडतो. आणि सांगूनही ते एकट्यानं पुरेल याची खात्री नाही. हे तिन्ही दोर एकदम ओढता येत असताना लेखक त्याला हात वर करून आशीर्वाद देणारा म्हातारा करून टाकतात.

कलमांचा आकडा लिहिताना तारीख पाहा. नवे कायदे १ जुलै २०२४ पासून लागू झाले. कथा त्याआधीची असेल तर साक्षीदाराचा जबाब जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६१ खाली, दंडाधिकाऱ्यापुढचा १६४ खाली. नंतरची असेल तर नागरिक सुरक्षा संहितेची १८० आणि १८३. खुनाला लोकांच्या तोंडी अजून तीनशेदोनच आहे आणि तसंच राहू द्या. नंतरच्या कथेत फौजदाराच्या कागदावर मात्र नव्या न्याय संहितेचं १०३ हवं.

खोटं बोलण्याबद्दल लेखक फार भाबडे असतात. ख्रिस्ती नायिका खोटं बोलतच नाही असं ठरवून टाकतात आणि मग कथा हलत नाही. शास्त्र इतकं भाबडं नाही. निर्गमच्या पहिल्या अध्यायात सुइणी फारोला सरळ थाप मारतात आणि मुलं वाचवतात. यहोशवाच्या दुसऱ्या अध्यायात राहाब हेरांना छपरावर लपवून शिपायांना भलतीकडे पाठवते. तेव्हा नायिकेपुढे तीन पायऱ्या ठेवा: गप्प राहणं, अर्धं सांगणं, खोटं बोलणं. पहिल्या पायरीवर ती सहज चढेल. दुसऱ्या पायरीचं बिल नायकाच्या विश्वासातून वसूल करा. तिसरी पायरी एकदाच, आणि ती दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी. एक अट मात्र कडक: ती जे लपवते आहे ते वाचकाला माहीत असलं पाहिजे. नायिकेच्याच नजरेनं कथा सांगायची आणि तिला ठाऊक असलेलं वाचकापासून लपवायचं, ही फसवणूक झाली.

क्षमेनं खटला मिटत नाही. हे वाक्य आम्ही किती हस्तलिखितांच्या समासात लिहिलं असेल. खून हा तडजोडीनं मिटणारा गुन्हा नाही. फिर्याद 'मागे घेतली' म्हणून आरोपी घरी जात नाही. नायिकेनं त्याला मनापासून क्षमा करावी आणि दुसऱ्या दिवशी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून त्याच्याविरुद्ध खरं सांगावं. दोन्ही एकाच बाईनं केलं की प्रसंग उभा राहतो. शेवटच्या दोन पानांत खलनायक रडतो, सगळे गाणं म्हणतात, असं लिहिणाऱ्यानं मेलेल्या माणसाच्या आईला त्या पानावर आणून बसवावं आणि मग बघावं.

प्रेमाकडे येऊ. अमेरिकेत या प्रकाराच्या स्वतंत्र मालिका निघतात. 'लव्ह इन्स्पायर्ड सस्पेन्स' ही त्यातली एक, साधारण ५५ हजार शब्दांच्या कादंबऱ्यांची. आमच्याकडचे नवे लेखक तिथला साचा उचलतात: एकटी राहणारी नायिका, पहारा द्यायला तिच्या घरी रात्री थांबलेला पोलीस. हे पारोळ्यात किंवा साक्रीत घडवून बघा. दुसऱ्या सकाळी मारेकऱ्याची चर्चा कुणी करणार नाही. इथे बाई लपते ती आत्याकडे, वसतिगृहात, नाहीतर मिशन कंपाउंडमधल्या जुन्या बंगल्यात, आणि नायकाला तिला भेटायचं तर चार माणसांदेखत भेटावं लागतं. ही अडचण समजू नका. सगळ्यांसमोर बोलायचं आणि एकालाच कळवायचं, यात प्रेमही चढतं आणि धोकाही.

लग्नाचा कायदा तर रहस्यकथेसाठीच केल्यासारखा आहे. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२चा. त्यात चर्चमधलं लग्न सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेत लावायचं असतं, विशेष परवान्यासारखे अपवाद सोडून. मध्यरात्री मेणबत्तीच्या उजेडात गुपचूप लग्न लावणारे लेखक इथेच घसरतात. लग्नाआधी सूचना द्यावी लागते, आणि बऱ्याच मंडळ्यांत तीन रविवार घोषणा वाचली जाते: कुणाची हरकत असेल तर सांगावी. तीन रविवारांचं चालतं घड्याळ. पहिल्या रविवारी एक अनोळखी माणूस शेवटच्या बाकावर, दुसऱ्या रविवारी वहीत निनावी चिठ्ठी, तिसऱ्या रविवारी तो उभा राहतो की नाही. विशेष विवाह कायद्यानं (१९५४) लग्न करायचं तर ३० दिवसांची नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लागते. ज्याच्यापासून ती लपते आहे, त्यालाही ती वाचता येते.

दोघांपैकी एकच ख्रिस्ती असला तरी १८७२च्या कायद्यानं लग्न लागतं. म्हणजे 'बाप्तिस्मा घे, नाहीतर लग्न नाही' हा अडसर कायद्याचा नाही. असलाच तर मंडळीच्या नियमाचा, किंवा तिच्या मनाचा. हा फरक कथेत स्पष्ट दिसला पाहिजे, कारण मनाच्या अडसरातच नाट्य आहे. नायक तिच्यासाठी श्रद्धा स्वीकारतो, असा शेवट मंडळीच्या मासिकांना फार आवडतो. आम्हाला तो संशयास्पद वाटतो. त्याचं श्रद्धेकडे वळणं घडवायचंच असेल तर तिनं नकार दिल्यानंतर, काही मिळण्याची आशा संपल्यावर घडवा. नाहीतर प्रश्न उघडा ठेवा. उघडा ठेवलेला प्रश्न छापायची हिंमत दाखवा, एवढंच.

ब्लॅकमेलसाठी लेखक जुनी प्रेमपत्रं शोधत बसतात, आणि इकडे बाप्तिस्म्याची नोंदवही कपाटात पडून असते. अनुसूचित जातींच्या १९५०च्या आदेशानुसार हा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांनाच मिळतो. धर्मांतर करून ख्रिस्ती झालेल्याचा तो जातो. अनुसूचित जमातींच्या आदेशात धर्माची अट नाही. त्यामुळे एकाच बाकावर बसलेल्या गावित घरातल्या मुलीचा दाखला कायम राहतो आणि शेजारच्या मुलाचा धोक्यात येतो. त्याची नोकरी त्या दाखल्यावर आहे, आणि नोंदवहीच्या एका पानाचा फोटो कुणाच्या तरी मोबाइलमध्ये आहे. हा विषय हळवा आहे, खऱ्या माणसांच्या पोटाशी बांधलेला आहे, म्हणून तो सनसनाटीसाठी वापरू नये. पण त्याला हातच लावू नका, असं सांगणारे संपादक आमच्या मते भित्रे आहेत. दोन्ही आदेशांची गल्लत करणारी हस्तलिखितं मात्र डोळे झाकून परत पाठवा.

खलनायकाबद्दल एक विनंती. एक तर तो बाहेरचा, दुसऱ्या धर्माचा गुंड असतो, नाहीतर दानपेटीवर डल्ला मारणारा मंडळीचा वडील, म्हणजे कारभारी. दुसरा शिळा आहे. पहिला शिळा आहेच, शिवाय शेजाऱ्यांत राहणाऱ्या लहानशा समाजाला महाग पडणारा आहे.

वातावरणासाठी देऊळघंटा आणि धुकं नको, मंडळीचं वेळापत्रक वापरा. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेला अख्खी वस्ती दहापासून साडेबारापर्यंत चर्चमध्ये असते, घरं रिकामी. नाताळच्या आधी गाणारी टोळी कंदिलाची चांदणी घेऊन रात्री दोनपर्यंत दारोदार फिरते, म्हणजे त्या रात्री कुणीही कुठेही दिसला तरी शंका येत नाही, आणि टोळीत निघताना किती होते व परतताना किती, हे कुणी मोजत नाही. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) बारा ते तीन, येशूची क्रुसावरची सात वाक्यं, खानदेशचं ऊन, पंखे गरगरताहेत, मोबाइल बंद. तीन तास निरोप पोहोचवता येत नाही. डिसेंबरातच दत्तजयंतीला सारंगखेड्यात तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. दुरून आलेला, रोख पैसे बाळगणारा अनोळखी माणूस तिथे सहज खपतो.

नवापूरचं रेल्वे स्थानक अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. प्रेत नेमकं सीमेवरच्या बाकावर टाकायचा मोह आम्ही समजू शकतो. पण 'हद्द कुणाची' या वादावर अख्खी कथा तोलू नका. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नं हद्द कोणतीही असो, कोणत्याही ठाण्यात माहिती नोंदवता येते. वाद होईल तो नंतर तपासाचा. आणि भुसावळच्या यार्डातल्या खुनाचा तपास रेल्वे सुरक्षा बलाच्या नायकाकडे देऊ नका. त्यांचं काम रेल्वेची मालमत्ता आणि प्रवासी राखण्याचं. खून लोहमार्ग पोलिसांकडे जातो. नायक सुरक्षा बलातच हवा असेल तर उत्तम, ज्याच्याकडे तपास नाही असा नायक जास्त तडफडतो.

हे सगळं तीन हजार शब्दांत मावत नाही. प्रेम, धोका आणि श्रद्धा अशा तीन दोऱ्या वळायच्या, तर दीर्घकथेला आठ हजार शब्द तरी लागतात. आमचा अंदाज असा बसलाय: पहिल्या तीनशे शब्दांत धोक्याची चाहूल, हजारापर्यंत दोघं समोरासमोर, अडीच हजारांच्या आसपास श्रद्धेनं बंद केलेली पहिली वाट, सहा हजारांजवळ तिची किंमत, आणि शेवटचे पाचशे फक्त त्या दोघांचे. तीन हजारांची मर्यादा घातलीत तर लेखक एक दोरी तोडतो, आणि दर वेळी तिसरीच तुटते. मग आपणच म्हणता, प्रार्थना वरून चिकटवल्यासारखी वाटते.

कथा परत करताना कारण लिहायला वेळ नसेल तर समजू शकतो. वाचताना जिथे थांबलात तिथे पेन्सिलीची एक रेघ मारून पाठवा. ती प्रार्थनेच्या ओळीवर असली तर ओळ कापायची की तिच्याआधीचं पान पुन्हा लिहायचं, ते आम्ही बघू.

आपले,
खानदेशातले काही लिहिणारे आणि हस्तलिखितं वाचणारे